बिटकॉइनच्या १५ मिनिटांच्या चार्टवर व्हीवॅप बघून इंट्राडे ट्रेडिंग करता येतं का?

येतं, पण शेअर बाजारातली सवय जशीच्या तशी इथे चालत नाही.

व्हीवॅप म्हणजे व्हॉल्यूमचं, म्हणजे किती माल विकला गेला त्याचं, वजन लावून काढलेली भावाची सरासरी. समजा १०० रुपयांना १० नाणी विकली गेली आणि ११० ला ९०. साधी सरासरी १०५, व्हीवॅप १०९. म्हणजे खरा माल कुठल्या भावाला फिरला ते कळतं.

गोम अशी की एनएसईवर ही रेषा सकाळी ९.१५ ला नव्याने सुरू होते. क्रिप्टोचं दुकान कधी बंदच होत नाही, त्यामुळे बहुतेक चार्टवर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५.३० ला शून्यापासून सुरू होते. सहा वाजता चहा घेत बघाल तर रेषा भावाला चिकटलेलीच दिसणार. जेमतेम दोन कँडलची, म्हणजे अर्ध्या तासाची सरासरी ती. मी तरी दुपारपर्यंत तिच्याकडे बघत नाही. त्यापेक्षा आदल्या मोठ्या तळापासून अँकर्ड व्हीवॅप (आपण निवडलेल्या क्षणापासून मोजलेला व्हीवॅप) लावतो.

आणि व्हॉल्यूम कोणाचा? चार्टवर दिसतो तो त्या एकाच एक्स्चेंजचा. २०१९ मध्ये बिटवाइज या क्रिप्टो गुंतवणूक कंपनीने अमेरिकेच्या एसईसीपुढे (तिथल्या शेअर बाजार नियामकापुढे) मांडलं होतं की जाहीर होणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी सुमारे ९५ टक्के बनावट आहे. छोट्या कॉइनवर तर हा इंडिकेटर लावूच नका.

शिवाय भारतात नफ्यावर ३० टक्के कर, तोटा वजा करता येत नाही, विक्रीवर १ टक्का टीडीएस. दिवसाला दहा सौदे केलेत तर भांडवल टीडीएसमध्येच अडकतं.