हॉल ऑफ फेमचा वाद नुसत्या बेरजांवर जिंकता येत नाही

क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ईलाय मॅनिंगला अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे हे वादात कसे पटवायचे, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी फरफट आठवली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तुम्ही ईलायच्या बाजूने सुपर बोलमधले, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यातले, दोन विजय मांडलेत, समोरच्याने नियमित हंगामांतील ११७ विजय आणि ११७ पराभव तोंडावर फेकले आणि तुम्ही निरुत्तर झालात, असे तुम्ही लिहिले आहे. निवृत्तीनंतर पाच हंगाम थांबण्याची अट, हॉलचे गाव कँटन, निवडलेल्याला मिळणारा सोनेरी कोट हे सगळे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो. मी निवड समितीत नाही आणि पत्रकारही नाही. ओहायोत राहून सिनसिनाटी बेंगल्स या संघाच्या नादी लागलेला साधा प्रेक्षक आहे, तेव्हा माझे मत निःपक्षपाती नाही हे आधीच धरून चालावे.

अमुक खेळाडू थोर होता की नाही, एवढ्यावर हा वाद कधीच मिटत नाही, कारण जागा मोजक्या असतात. २०२५ च्या निवडीपासून नियम आणखी कडक झाले. अलीकडच्या खेळाडूंमधून अखेरीस सात जण उरतात, प्रत्येक सदस्य त्यांतील पाचांना मत देतो आणि साधारणपणे ८० टक्के मते मिळवणाराच आत जातो. त्या वर्षी सगळे मिळून फक्त चौघे निवडले गेले. म्हणून ईलायला घ्या म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की त्याच्यासाठी रांगेतला कोण थांबवायचा. २००० ते २००५ असे सलग सहा हंगाम झेल घेऊन दर वेळी १,३०० हून अधिक यार्ड मिळवणारा टॉरी होल्ट २०१५ पासून पात्र असूनही बाहेर आहे, हे ऐकले की समोरच्याचा आवाज जरा खाली येतो.

दुसरा घोळ कारकिर्दीच्या बेरजांचा. चेंडू घेऊन धावणारा टेरेल डेव्हिस जेमतेम ७८ सामने खेळला, पण १९९८ च्या एका हंगामात २,००८ यार्ड धावला आणि २०१७ मध्ये आत गेला, ते योग्यच झाले. विजय मर्चंट दहाच कसोटी खेळले म्हणून त्यांना आपण कुठे कमी लेखतो?

माझे स्वतःचे दुखणे बेंगल्सचा जुना क्वार्टरबॅक केन अँडरसन हे आहे. त्याचे पासचे ३२,८३८ यार्ड आजच्या क्वार्टरबॅकांपुढे किरकोळ दिसतात. परंतु हंगाम १९७७ पर्यंत १४ सामन्यांचाच होता, १९७८ पासून तो १६ चा झाला, आणि त्याच वर्षी नियम बदलून बचावपटूंना पाच यार्डांपलीकडे झेल घेणाऱ्याला धक्काबुक्की करण्यास मनाई झाली, त्यामुळे पास फेकणे कितीतरी सोपे झाले. अँडरसनने पासिंग रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या गुणांकनात, लीगमधील पहिला क्रमांक १९७४ आणि १९७५ मध्ये, म्हणजे जुन्या नियमांखाली मिळवला आणि १९८१ व १९८२ मध्ये नव्या नियमांखाली पुन्हा मिळवला. माझ्या मते सगळा युक्तिवाद या एका वाक्यात आहे. सुपर बोल हरल्याचा डाग त्याच्यावर आहे, हे मान्य. पण क्वार्टरबॅक डॅन मरिनोला हॉलमध्ये जाताना तोच डाग आड आला नव्हता.

हे कागदोपत्री नीट मांडावे म्हणून मी जुन्या सामन्यांची चित्रफीत जपणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. तिचे नाव घेत नाही. आधी एक फॉर्म, मग त्याच माहितीचा दुसरा फॉर्म, मग शुल्क, आणि शुल्क भरल्यावर उत्तर असे की ही फीत केवळ अधिकृत पत्रकारांनाच पाहता येते. ही अट पहिल्याच पत्रात लिहायला कोणाचे काय जात होते? शुल्क परत मिळाले नाही, आणि त्या हंगामात हॉलकडे नामांकनाचे पत्र पाठवण्याची वेळही निघून गेली. अशा जागी तुम्ही मुळीच जाऊ नका. सगळीकडे असेच असते असे नाही, पण माझा विश्वास उडाला तो उडालाच.

त्यापेक्षा सार्वजनिक ग्रंथालयातील वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म मागा. नोव्हेंबर १९७४ च्या एका सोमवारच्या क्रीडापानावर, थोड्या फिसकटलेल्या शाईत, पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्धच्या सामन्याचा तक्ता मला मिळाला: अँडरसनचे २२ पैकी २० पास पूर्ण, बेंगल्स १७, स्टीलर्स १०. समोर स्टीलर्सच्या बचावफळीत जो ग्रीन, जॅक लॅम्बर्ट, जॅक हॅम आणि मेल ब्लाउंट होते. ते चौघेही हॉलमध्ये आहेत आणि त्याच हंगामाच्या शेवटी स्टीलर्सनी सुपर बोल जिंकला. पत्रात असा एकच सामना सविस्तर मांडावा, बेरजांचे कोष्टक जोडू नये. नामांकनाचे पत्र कोणताही चाहता पाठवू शकतो, त्यासाठी ओळखपाळख लागत नाही.

खेळाडूच्या मैदानाबाहेरच्या वागण्याचा मुद्दा मात्र काढू नका, कारण नियमानुसार तो विचारातच घ्यायचा नसतो. तरीही झेल घेणाऱ्या टेरेल ओवेन्सला २०१८ पर्यंत का थांबवले, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही, आणि तो समारंभाला गेला नाही याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

राहता राहिला ईलाय. दोन्ही सुपर बोलमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन्ही वेळा समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्ससारखा बलाढ्य संघ होता, म्हणून तो आत जावा असे मला वाटते. मात्र मत माझ्या हाती असते, तर आधी होल्टचे नाव लिहिले असते, आणि ज्येष्ठांच्या, म्हणजे फार पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या, गटात अँडरसनचे.