ताट बाजूला सारले गेले तेव्हा

पत्र : आठ महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून साथ देत नाही, बोलणे संथ झाले आहे आणि जेवताना अधूनमधून ठसका लागतो. तिची देखभाल करता यावी म्हणून मी अर्धवेळ काम पत्करले, त्यामुळे खर्चाला कात्री लावावी लागली. मला स्वयंपाक येत नव्हता, तो सारा तीच करायची. आता स्वस्त आणि पौष्टिक म्हणून आठवड्यातून चार-पाच दिवस राजमा किंवा हरभरा शिजवतो. परवा तिने डाव्या हाताने ताट बाजूला सारले आणि ‘पुन्हा तेच’ एवढेच म्हणाली. मी संतापून ‘परवडते तेच खावे लागेल’ असे बोलून गेलो. तेव्हापासून ती मुकाट्याने जेवते, आणि तेच मला अधिक खुपते. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : आधी ठसक्याविषयी लिहिते, कारण तो विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही. पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असतील तर अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला संसर्ग होण्याचा धोका असतो; म्हणून त्यांच्या गिळण्याची तपासणी डॉक्टरांकडून किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांकडून याच आठवड्यात करून घ्या आणि अन्न किती मऊ, किती दाट असावे हे त्यांनाच विचारा. राजम्या-हरभऱ्याचे साल घशाशी चिकटते, आणि पातळ रश्शात अख्खे दाणे असले की तोंडाला पाणी आणि घास अशी दोन्ही कामे एकाच वेळी सांभाळावी लागतात, जे अशा रुग्णाला सर्वांत अवघड जाते. तपासणी होईपर्यंत सालाशिवायची मसूर किंवा मूग डाळ गाठी न ठेवता घोटून, एकसारखी दाट करून द्या. त्या ताठ बसल्या असतील तेव्हाच भरवा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी त्यांना आडवे होऊ देऊ नका. ताट सारण्यामागे गिळण्याची भीती असण्याचीही शक्यता आहे. ती बोलून दाखवणे त्यांना जड जात असेल.

आता ‘पुन्हा तेच’ या शब्दांविषयी. गेले आठ महिने कधी उठायचे, कधी अंघोळ करायची, काय नेसायचे हे सगळे त्यांच्यासाठी दुसरेच कोणीतरी ठरवत आले आहे, आणि ज्या स्वयंपाकघरात त्यांचा शब्द चालत असे तिथे काय शिजणार हेसुद्धा आता त्यांना ताट पुढे आल्यावरच कळते. मला तरी ही तक्रार कडधान्याची वाटत नाही. तुमचा संतापही मी समजू शकते. पैसा आणि झोप दोन्ही अपुरी असली की माणसाच्या तोंडून असे शब्द निघतात. तरीही माफी मागा. ‘त्या दिवशी मी तुला टाकून बोललो, मला वाईट वाटते’ इतकेच म्हणा आणि त्याला खर्चाची सबब जोडू नका.

मग त्यांना काम द्या. पांढऱ्या थाळीत मूठभर चवळी पसरून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली, तर किडका दाणा, खडा, सुरकुतलेला दाणा त्या बोटाने एकेक करून बाजूला सारू शकतील. माझ्या घरी दीर्घ आजारपण होते तेव्हा दाणे निवडायला बसवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे पाहिले, ते मी विसरलेले नाही. वीस मिनिटे लागली तरी लागू द्या. प्रश्न विचारताना दोनच पर्याय ठेवा, म्हणजे संथ बोलण्याचा त्यांना त्रास होणार नाही. आणि फोडणी, मसाला, आच यांतले जे तुम्हाला कळत नाही ते त्यांनाच विचारा, कारण घरातली जाणकार व्यक्ती त्याच आहेत.

काटकसरीच्या दृष्टीने तुमची निवड चांगलीच आहे. कडधान्यांत आणि धान्यांत प्रथिनांचे जे घटक कमी-अधिक असतात ते एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पोषण बरेच पुरे पडते. एक वाटी कोरडे दाणे शिजून अडीच ते तीन वाट्या होतात, तेव्हा रोज चुलीपुढे उभे राहण्यापेक्षा दाणे आठ ते बारा तास भिजवून एकदाच भरपूर शिजवा आणि दोन तासांच्या आत थंड करून लहान डब्यांत भरा. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतात. त्याहून जास्त असतील ते फ्रीजरमध्ये ठेवा. भिजवलेले पाणी टाकून दिल्याने पोटात वायू कमी धरतो. टोमॅटो किंवा चिंच दाणे मऊ झाल्यावरच घाला, नाहीतर आंबटपणामुळे ते तासन्‌तास टणक राहतात. राजम्याबाबत मात्र कडक राहा: कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यांतील विषारी घटकामुळे काही तासांत उलट्या सुरू होतात, म्हणून तो ताज्या पाण्यात खळखळ उकळल्याशिवाय मंद आचेच्या भांड्यात कधीही टाकू नका.

तपासणीत दाणे चालतील असे सांगितले, तर एकच शिजवलेला ढीग तीन चवींनी वाढता येतो: एकदा लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन घोटलेला, एकदा भाज्यांसह वाटून केलेल्या दाट सुपात, एकदा नुसता लिंबू पिळून. लिंबामुळे कडधान्यातले लोह शरीराला अधिक मिळते, आणि पक्षाघातानंतर रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले असेल तर त्याची उणीवही लिंबू बरीच भरून काढते. त्यांना मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र कडधान्यातल्या पोटॅशियमविषयी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे प्रमाण ठेवू नका.

तुम्ही स्वतः काय खाता, कधी खाता, याविषयी पत्रात एक अक्षरही नाही. त्यांना भरवून झाल्यावर ओट्याशी उभ्याने उरलेसुरले गिळत असाल तर ते आजपासून बंद करा; स्वतःचे ताट त्यांच्या शेजारी मांडा आणि त्यांच्या घासांच्या मधल्या वेळात तुम्हीही चार घास खा.

आज संध्याकाळी एका वाटीत मूग डाळ आणि दुसऱ्या वाटीत मसूर डाळ घेऊन त्यांच्यापुढे ठेवा आणि उद्या काय शिजवायचे ते विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा.