बडोद्याचं जोडपं यॉटने क्रोएशिया ते ग्रीस: एका शेंगेन व्हिसावर जमेल का?

जमेल, पण व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच काढा. इथेच लोक फसतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ग्रीस आधीपासून आहे; मधले माँटेनेग्रो आणि अल्बानिया मात्र बाहेर. म्हणजे क्रोएशियाच्या त्सावतात बंदरात बाहेर पडल्याची नोंद करून निघालात की तुम्ही शेंगेन सोडलं, आणि ग्रीसच्या कोर्फू बेटावर पुन्हा आत शिरायचंय. सिंगल एंट्री असेल तर समोर कोर्फू दिसत असूनही उतरता येणार नाही. शेंगेनमधला एकूण मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. आम्ही दोघं याच वाटेने गेलो. प्रत्येक नव्या देशाच्या पाण्यात शिरताना पिवळा क्यू झेंडा (प्रवेशाची परवानगी मागणारा) चढवायचा, थेट प्रवेशबंदरातच, म्हणजे जिथे सीमेची तपासणी होते तिथेच जायचं, कागद झाले की तो उतरवून त्या देशाचा छोटा झेंडा उजवीकडे लावायचा. हे मनापासून करा, यजमानांचा मान असतो तो. भाड्याची यॉट असेल तर सीमेपलीकडे न्यायला मालकाची लेखी परवानगी घ्या.

आणि वारा! उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा माएस्त्राल छान ढकलतो. बोरा मात्र डोंगरावरून ईशान्येकडून एकदम कोसळतो, आकाश स्वच्छ असतानाही. आपण सूरसागर तलावाच्या काठावर वाढलेली माणसं, आपल्याला याचा अंदाज नसतो. आम्ही एक आख्खा दिवस बंदरातच बसून काढला. अहोंना निघायची घाई होती, मी ऐकलं नाही. ताशी पाच सागरी मैल धरून टप्पे आखा, वाऱ्यासाठी तीन-चार दिवस मोकळे ठेवा.