हुकूमशहा सत्तेवर कसे येतात, आणि त्यांच्या राज्यात सामान्य माणूस रोज कसा जगतो?

रणगाडे घेऊन येणारे असतातच; युगांडात १९७१ साली इदी अमीन लष्करी बंड करूनच आला. मला जास्त धास्ती वाटते ती रीतसर, सही-शिक्क्यानिशी येणाऱ्यांची.

हिटलरचंच बघा. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३३ टक्के मतं पडली होती, म्हणजे बहुमत नव्हतंच. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर नेमलं. हा गडी आपल्या मुठीत राहील, असा पापेनसारख्या मुरब्बी पुढाऱ्यांचा हिशेब. महिनाभरात संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी लेखन, सभा, टपालाची गुप्तता, सगळ्यावर गदा आली. २३ मार्चला संसदेने कायदे करायचा अधिकार आपल्या हाताने सरकारला देऊन टाकला, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा, सभागृहात गणवेशातली माणसं उभी. विरोधात उभे राहिले ते एकटे सोशल डेमोक्रॅट. १४ जुलैला बाकीचे पक्ष बेकायदा. सगळं मिळून साडेपाच महिने.

रोजच्या जगण्याचं विचाराल तर मला रुमानिया आठवतो, आणि तोही माझ्या धंद्यामुळे. अशोक स्तंभाजवळ आमचा टाइपिंगचा क्लास होता. १९८३ साली तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने टाइपरायटर ठेवायला पोलिसांचा परवाना लावला, आणि मशीनच्या अक्षरांचा नमुना दरवर्षी जमा करायला लावला. कशासाठी, ते मशीनवर बसलेल्याला लगेच कळतं. आमच्या एका मशीनचा ‘र’ केसभर वर उठायचा, दुसऱ्याच्या ‘म’ ची दांडी खाली तुटकी यायची. कुठलाही कागद समोर ठेवा, कोणत्या टेबलावर टाइप झालाय ते मी सांगायचो. तिथे हेच काम पोलिस करणार होते. निनावी पत्रक काढायची सोयच उरली नाही.

बाकी हाल वेगळेच. परदेशी कर्ज फेडायला धान्य-मांस बाहेर पाठवायचं आणि घरच्यांना पाव, तेल, साखर रेशनवर. हिवाळ्यात घरं गारठलेली. टीव्ही दिवसाला जेमतेम दोन तास, त्यातही साहेबांचंच कौतुक. आणि हाच माणूस १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाविरुद्ध उघड बोलला म्हणून लोकांच्या गळ्यातला ताईत झाला होता!

आपल्या आणीबाणीची मी याच्याशी बरोबरी करत नाही. १९७७ ला निवडणूक झाली आणि सरकार पडलं. पण १९७५ ला मी नववीत होतो, आम्ही पंचवटीत वाड्यात राहायचो. नाशिकरोडच्या तुरुंगात मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, धरलेली माणसं होती. आजोबा रोज ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे, चार शेजारी ऐकायला यायचे. त्या पावसाळ्यात ते मनातल्या मनात वाचायला लागले. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

चाउशेस्कूला २५ डिसेंबर १९८९ ला गोळ्या घातल्या. नव्या सत्तेने दुसऱ्याच दिवशी जे कायदे रद्द केले, त्यांत टाइपरायटरचा तो कायदा होता.