रिफ्राइड बीन्स सुके का पडतात?

प्रश्न : मेक्सिकन रिफ्राइड बीन्स (शिजवलेला राजमा घोटून, परतून करतात तो पदार्थ) घरी केले, पण अगदी सुके, भरभरीत झाले. काय करू? – एक वाचिका, फोंडा

उत्तर : ताई, राजमा शिजल्यावर उरलेलं पाणी ओतून देऊ नका, चव त्यातच असते. चित्रा राजमा रात्रभर भिजवा. भिजवलेलं पाणी मात्र टाका. कुकरमध्ये दाणा बोटानं सहज चिरडेल इतका मऊ शिजवा. मग कढईत कांदा-लसूण लाल परतून राजमा घाला, डावानं घोटा आणि ते शिजलेलं पाणी पळीपळीनं घालत राहा. उतरवताना सैलसरच हवं, निवल्यावर घट्ट होतं. मेक्सिकोत परंपरेनं डुकराची चरबी वापरतात. मी खोबरेल घेते, पण बेतानंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आळसांदे (गोव्यातली टपोरी चवळी) मिळाले तर तेही असेच घोटून पाहा, मला तर जास्त आवडतात!