पणजोबांचे युद्धकाळातील तैलचित्र विकून कर्ज फेडावे का?

लालबागच्या एका भगिनींनी विचारले आहे की, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवर लढलेल्या आणि ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ हे लष्करी पदक मिळालेल्या पणजोबांचे १९१९ सालचे तैलचित्र घरात आहे, चोर बाजारातील एक व्यापारी त्याचे दीड लाख रुपये देऊ करतो आहे आणि डोक्यावर तेवढेच वैयक्तिक कर्ज १५ टक्के व्याजाने आहे. तर चित्र विकून मोकळे व्हावे का? साडेसहा टक्के व्याजाची चार लाखांची मुदत ठेव असल्याचेही त्यांनी ओघात लिहिले आहे.

ताई, आधी त्या ठेवीकडे पाहा. दीड लाखांच्या कर्जावर वर्षाला सुमारे २२,५०० रुपये व्याज जाते आणि तेवढ्याच ठेवीवर, तेही करापूर्वी, ९,७५० रुपये मिळतात; म्हणजे ठेव न मोडण्यासाठी आपण सध्याच्या हिशेबाने वर्षाला पावणेतेरा हजार रुपये पदरचे घालत आहात. ठेव मोडण्याचा दंड आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याचे शुल्क बँकेकडून लेखी घ्या, आणि वाचणाऱ्या व्याजापेक्षा ते कमी असल्यास ठेवीतूनच कर्ज फेडा. अडीअडचणीसाठी अडीच लाख शिल्लक राहतात. चित्राला हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.

शिवाय दीड लाख ही किंमत कशाची, हेच अजून ठरलेले नाही. त्या काळी छायाचित्रावर रंग चढवून देण्याची पद्धत होती, त्यामुळे हे कॅनव्हासवरील तैलचित्र आहे की रंगवलेले छायाचित्र, हे जाणकाराकडून पाहून घ्या. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो मजकूर आणि घरातील सैन्याची कागदपत्रे जुळली, तर चित्रातील माणूस कोण हे सिद्ध होते आणि संग्राहक खरे मोल त्यालाच देतो. म्हणून चित्र, पदक आणि कागद कधीही वेगळे करू नका.

‘लंडनचे गिऱ्हाईक जास्त देईल’ असे त्या व्यापाऱ्याने सुचवल्याचे आपण लिहिता. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र १९७२ च्या पुरावशेष (प्राचीन वस्तूंच्या) कायद्याच्या कक्षेत येते, खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही आणि या गुन्ह्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. देशात विकतानाही व्यापाऱ्याचा परवाना पाहावा आणि त्या कायद्याखाली चित्राची नोंदणी झाली आहे का, हे तपासावे.

वाटणी झालेली नसल्यास भाऊ आणि इतर वारसांची लेखी संमतीही लागेल. चित्र ही करपात्र मालमत्ता आहे. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर बसतो, मात्र खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते. ते नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून काढून घ्या, आणि तोवर व्यापाऱ्याकडून इसार म्हणून एक रुपयाही स्वीकारू नका.