वाचकांचे प्रश्न : काचेवर मिठाचे सूक्ष्म कण कसे मिळवावेत?

प्रश्न : महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मला काचपट्टीवर मिठाचे साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण हवे आहेत. एक टक्का मिठाच्या पाण्याचा थेंब ड्रॉपरने काचपट्टीवर सोडून वाळवला, तर कडेला पांढरे कडे उमटते आणि आत मोठे चौकोनी स्फटिक दिसतात. पाणी लवकर उडावे म्हणून काचपट्टी तापवून पाहिली, तरी फारसा फरक पडला नाही. पाण्याऐवजी स्पिरिट वापरल्यास उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : स्पिरिटचा विचार नंतर करू, कारण आपली खरी अडचण द्रावकात नसून थेंबाच्या आकारात आहे. ड्रॉपरमधून पडणारा थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा धरला, तर एक टक्का द्रावणाच्या त्या थेंबात सुमारे अर्धा मिलिग्रॅम मीठ असते. मिठाची घनता दर घन सेंटिमीटरला 2.16 ग्रॅम असल्यामुळे तेवढ्या मिठाचे एक मायक्रॉन बाजूचे घन करायचे झाल्यास त्यांची संख्या 23 कोटींच्या घरात जाईल. म्हणजे एवढ्या ठिकाणी स्फटिकीभवन स्वतंत्रपणे सुरू व्हायला हवे. प्रत्यक्षात ते मोजक्या ठिकाणी सुरू होते आणि एकदा स्फटिकाचे बीज तयार झाले, की आजूबाजूच्या द्रावणातील मीठ नव्या बीजाची वाट न पाहता त्याच्यावरच चढत जाते. काचपट्टी तापवल्याने द्रावण अधिक वेगाने अतिसंपृक्त होते (म्हणजे त्यात मावते त्याहून जास्त मीठ विरघळलेले राहते) आणि बीजांची संख्या काहीशी वाढते, पण कोटींचा पल्ला त्याने गाठला जात नाही.

कडेच्या कड्याचे कारण वेगळे आहे. स्वच्छ काचेवर थेंबाची कड एका जागी चिकटून राहते आणि तिथली पातळ किनार मधल्या भागापेक्षा लवकर वाळते. ती तूट भरून काढण्यासाठी आतले द्रावण सतत कडेकडे वाहते आणि जाताना मीठही घेऊन जाते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का होतो, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1997 मध्ये याच प्रवाहाच्या आधारे केला होता.

आता स्पिरिट, म्हणजे मुख्यतः इथेनॉल. 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, तर तेवढ्याच शुद्ध इथेनॉलमध्ये जेमतेम 0.065 ग्रॅम. म्हणून द्रावक या नात्याने ते निरुपयोगीच म्हणावे लागेल. मात्र याच उणिवेचा उलटा उपयोग करता येतो. ढवळत ठेवलेल्या इथेनॉलमध्ये संपृक्त मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सोडले, तर विरघळून राहायला जागा न उरल्यामुळे मीठ एकदम बारीक पांढऱ्या गढुळाच्या रूपाने बाहेर पडते. हे कण पुष्कळ लहान असतात, पण एकसारखे नसतात आणि त्यांच्या गुठळ्याही होतात. प्रयोग करायचाच असेल, तर जवळपास ज्योत किंवा पेटती शेगडी नसावी.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे दवाखान्यात वाफारा देण्यासाठी वापरतात तो नेब्युलायझर. त्याच्या धुक्यातील बहुतेक थेंब एक ते पाच मायक्रॉन व्यासाचे असतात आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असते. तीन मायक्रॉनचा थेंब पूर्ण वाळला, तर त्यातील मिठाचा कण सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा आणि पाच मायक्रॉनच्या थेंबातील कण सुमारे 0.8 मायक्रॉनचा होतो. कणाचा व्यास द्रावणाच्या तीव्रतेच्या घनमुळाप्रमाणे बदलत असल्यामुळे मीठ आठपट केले, तरी कण फक्त दुप्पट होतो. त्यामुळे एक मायक्रॉन गाठण्यासाठी पाच मायक्रॉनच्या थेंबात मीठ साधारण दुप्पट, तर तीन मायक्रॉनच्या थेंबात सुमारे नऊपट लागेल. काचपट्टी धुक्यात क्षणभरच धरावी, नाहीतर थेंब एकमेकांत मिसळतात आणि आपण पुन्हा मूळ अडचणीत सापडतो. काचेवर मेणाचा अगदी पातळ हात फिरवला, तर थेंब पसरत नाहीत आणि बहुतेक वेळा एका थेंबातून एकच कण उरतो. (मिठागरात नेमके याच्या उलट चालते : तिथे पाणी उन्हात सावकाश आटू देतात, कारण तिथे भरड दाणा हवा असतो.)

आपण रत्नागिरीला राहता, म्हणून हवेबद्दल सांगायला हवे. सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठ हवेतील बाष्प ओढून स्वतःच विरघळते. शिवाय विरघळलेला बारीक थेंब पुन्हा कोरडा होण्यासाठी आर्द्रता 75 च्या थोडी खाली येऊन भागत नाही. हवेत तरंगणारा थेंब तर सुमारे 45 टक्क्यांपर्यंत द्रवच राहू शकतो. पावसाळ्यात हा प्रयोग उघड्यावर जमणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून काचपट्टी त्यात वाळवावी आणि बाहेर काढल्यावर लगेच पाहावी. महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एवढे कण नुसते ठिपके दिसतील; त्यांचा चौकोनी आकार पाहायचा असेल, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय शोधावी लागेल.